मालदीवच्या रिसॉर्टवरचं खाणंपिणं: बुकिंगच्या आधी मांडायचा हिशेब

मालदीवला जायचं ठरलं की बहुतेकांचं लक्ष दोनच आकड्यांवर असतं: विमानाचं तिकीट आणि व्हिलाचं भाडं. बेटावर रोज काय खाणार, काय पिणार आणि त्याचे किती होणार, हा तिसरा आकडा निघायच्या दिवशी सकाळी रिसेप्शनवर हातात पडतो. जोडप्याने चार रात्री सगळं मेनूकार्डावरून मागवत काढल्या, तर तो आकडा दोघांच्या विमान तिकिटापेक्षा मोठा होऊ शकतो. ज्यांना पहिल्यांदा जायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं सांगणं एवढंच की इथे खोली आधी आणि जेवण नंतर, हा क्रम उलटा करा. आधी जेवणाचं ठरवा, मग खोली बघा.

सुरुवात इथून करा: बेटाबाहेर काही नसतं

थायलंडला किंवा बालीला हॉटेलचं रेस्टॉरंट महाग वाटलं तर माणूस फाटकाबाहेर पडतो आणि दहा मिनिटांत दुसरं काहीतरी शोधतो. मालदीवच्या रिसॉर्टवर हे शक्यच नाही. तिथे पर्यटन 1972 साली सुरू झालं आणि पहिल्यापासून पद्धत एका बेटावर एक रिसॉर्ट अशीच राहिली. अख्खं बेट एकाच कंपनीकडे भाडेपट्ट्याने. दुकान तिचं, उपाहारगृह तिचं, बार तिचा, बोटही तिचीच. शेजारच्या बेटावर जायचं तर पुन्हा बोट लागते आणि तिचं भाडं वाचलेल्या पैशांपेक्षा जास्त होतं. राजधानी मालेजवळ क्रॉसरोड्ससारखं एखादं ठिकाण आहे, जिथे दोन-तीन हॉटेलांच्या मध्ये उपाहारगृहांचा एक सामाईक भाग आहे, पण तो अपवाद झाला.

म्हणून मोलभाव, तुलना, निवड हे सगळं बुकिंगच्या आधीच करायचं असतं. एकदा सीप्लेनमधून, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानातून, उतरलात की छापलेला भाव हाच भाव.

भाव मुळात इतका चढा का, हेही समजून घेतलं पाहिजे, म्हणजे उगाच फसवले गेल्यासारखं वाटत नाही. या देशात सुमारे 1,200 बेटं आहेत, त्यातल्या जेमतेम दोनशेंवर वस्ती आहे आणि शेतीजोगी जमीन फारच थोडी. समुद्रातली मासळी आणि नारळ सोडले तर तांदूळ, पीठ, दूध, भाजी, फळं, मांस असं जवळपास सगळं बाहेरून येतं. ते आधी मालेला उतरतं आणि तिथून दुसऱ्या बोटीने रिसॉर्टच्या धक्क्यावर जातं. वीज बहुतांशी बेटावरच डिझेलच्या जनरेटरवर तयार होते, पिण्याचं पाणी समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून करावं लागतं. डिझेल वाढलं की फ्रीजमधल्या टोमॅटोपासून बर्फाच्या खड्यापर्यंत सगळ्याचा खर्च वाढतो. आपल्यासाठी त्यात आणखी एक भर म्हणजे मेनू डॉलरमध्ये असतो. रिसॉर्टने वर्षभर एक सेंटही वाढवला नाही तरी रुपया घसरला की आपलं जेवण महागतंच.

भावापुढची दोन अधिक चिन्हं

रिसॉर्टच्या मेनूवर किंवा दरपत्रकावर बऱ्याचदा आकड्यापुढे ++ असं छापलेलं असतं. तिथले लोक त्याला ‘प्लस प्लस’ म्हणतात. पहिलं अधिक म्हणजे 10 टक्के सेवाशुल्क, दुसरं म्हणजे पर्यटनावरचा जीएसटी, ज्याला टीजीएसटी म्हणतात. तो आज 17 टक्के आहे.

दोन्हीची बेरीज 27 टक्के धरून लोक पुढे जातात. पण टीजीएसटी लागतो तो सेवाशुल्क मिळवल्यानंतरच्या रकमेवर. म्हणजे 100 डॉलरचे आधी 110 होतात आणि 110 वर 17 टक्के लागून 128 डॉलर 70 सेंट होतात. मेनूवरच्या प्रत्येक आकड्याला 1.287 ने गुणायची सवय लावून घ्या. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर पाच सेकंदांचं काम आहे.

हा कर कसा वाढत गेला ते बघण्यासारखं आहे. 2011 च्या सुरुवातीला तो आला तेव्हा 3.5 टक्के होता. 2012 मध्ये 6, 2013 मध्ये 8, नोव्हेंबर 2014 पासून 12, जानेवारी 2023 पासून 16 आणि जुलै 2025 पासून 17. मेनूवरचा 100 चा आकडा तसाच धरला, तरी 2013 मध्ये त्याचे 118.80 द्यावे लागत आणि आज 128.70 लागतात. म्हणूनच कुणा मित्राने आठ-दहा वर्षांपूर्वीच्या हनिमूनचं बिल दाखवलं तर त्यावरून अंदाज बांधू नका.

आता एका दुपारचं बिल मांडून बघू. आकडे समजण्यापुरते घेतलेत, प्रत्येक रिसॉर्टचे वेगळे असतील. समजा दोघांनी समुद्राकाठच्या उपाहारगृहात एक पास्ता 28 चा आणि एक सँडविच 24 चं घेतलं, 12 चे दोन ज्यूस घेतले आणि पाण्याची एक बाटली 6 ची. बेरीज 82. त्यावर सेवाशुल्क 8.20, म्हणजे 90.20. त्यावर 17 टक्के, म्हणजे साधारण 15.33. एकूण 105.53 डॉलर. यात गोड काही नाही, कॉफी नाही, पोटभर म्हणावं असंही काही नाही. आणि या बिलात खाण्यापेक्षा पिण्याकडे बघा. ज्यूस आणि पाणी मिळून 30 डॉलर झाले, म्हणजे तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त. नवखे लोक जेवणाचा हिशेब करतात आणि पिण्याचा सोडून देतात. मालदीवच्या उन्हात दिवसभर समुद्रात राहिल्यावर माणूस किती पाणी, किती थंड पेयं पितो याचा घरी बसून अंदाज येत नाही.

याशिवाय ग्रीन टॅक्स नावाचा कर असतो, तो जेवणावर नसून मुक्कामावर आहे. 2025 पासून रिसॉर्टवर तो माणशी रोज 12 डॉलर आहे. तो भाड्यात धरलाय की वेगळा, एवढं बुकिंगच्या वेळी बघून ठेवा.

जेवणाचा प्लॅन निवडणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. रिसॉर्टवर साधारण चार प्रकार असतात. फक्त नाश्ता; हाफ बोर्ड, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण; फुल बोर्ड, म्हणजे त्यात दुपारचंही जेवण; आणि ऑल इन्क्लुझिव्ह, ज्यात पेयंही येतात. नावं सगळीकडे सारखी असली तरी आत काय आहे ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, आणि पैसे तिथेच सुटतात.

हाफ बोर्ड आणि फुल बोर्डमध्ये पेयं धरलेली नसतात, हे पहिलं लक्षात ठेवा. नाश्त्याला चहा, कॉफी, ज्यूस मिळतो. रात्रीच्या जेवणाला पाणी मागितलं तरी त्याची चिठ्ठी सहीसाठी येऊ शकते. काही रिसॉर्ट आता बेटावरच शुद्ध केलेलं पाणी काचेच्या बाटल्यांत भरून खोलीत फुकट ठेवतात, पण उपाहारगृहातलं पाणी वेगळं. दोन्ही ठिकाणचं विचारायचं.

दुसरं, प्लॅन कोणत्या उपाहारगृहात चालतो? बेटावर चार-पाच असतील, पण हाफ बोर्डवाल्यांना बहुतेक वेळा मुख्य बुफेतच जेवता येतं. बाकी ठिकाणी ठरावीक रकमेची सूट किंवा क्रेडिट मिळतं आणि वरचा फरक आपण भरायचा. फोटोत दिसणारं पाण्यावरचं जपानी रेस्टॉरंट बघून बुकिंग केलेलं असतं आणि नेमकं तेच प्लॅनच्या बाहेर निघतं.

तिसरं, ऑल इन्क्लुझिव्हच्या सीमा. कुठे मिनीबार, म्हणजे खोलीतला खाण्यापिण्याचा छोटा फ्रीज, रोज एकदा भरून मिळतो, कुठे तो धरलेलाच नसतो. कुठे ताज्या फळांचा ज्यूस बाहेर आणि पॅकमधला आत. कुठे कॉफी मशिनचीच. खोलीत जेवण मागवलं तर ते प्लॅनमध्ये नाही किंवा पोचवण्याचं शुल्क वेगळं. तलावात तरंगत्या ट्रेवर येणारा नाश्ता, वाळूच्या पट्टीवरचं मेणबत्तीच्या उजेडातलं जेवण, लॉब्स्टर हे जवळजवळ सगळीकडे वेगळं. यादी मागा आणि ‘काय धरलंय’ यापेक्षा ‘काय धरलेलं नाही’ हे विचारा. उत्तर जास्त कामाचं मिळतं.

आता कोणता घ्यावा? वरच्याच आकड्यांवर हिशेब मांडू. समजा हाफ बोर्डपेक्षा ऑल इन्क्लुझिव्ह माणशी रोज 80 डॉलरने जास्त आहे, कर धरून. दोघांचे 160. आता हाफ बोर्ड घेतलं तर रोज वरखर्च काय होईल? दुपारचं बिल 105.53. रात्री पाण्याची एक बाटली, 6 ची, करासह 7.72. संध्याकाळी 8 ची एकेक कॉफी, करासह 20.59. बेरीज साधारण 134. म्हणजे न पिणाऱ्या, दुपारी हलकं खाणाऱ्या जोडप्याला हाफ बोर्ड स्वस्त पडतं. दोघांनी संध्याकाळी 18 चे दोन-दोन कॉकटेल घेतले तर त्यात 92.66 ची भर पडून आकडा 226 च्या वर जातो आणि 160 वालं ऑल इन्क्लुझिव्ह सरळ फायद्याचं ठरतं.

तेव्हा कुणी ‘मालदीवला डोळे झाकून ऑल इन्क्लुझिव्हच घ्या’ म्हटलं तर त्याचं ऐकू नका. त्या प्लॅनच्या किमतीत मोठा वाटा दारूचा असतो. दोघंही घेत नसाल तर तुम्ही दुसऱ्यांच्या ग्लासाचे पैसे भरताय. काही ठिकाणी विनामद्य पेयांचा वेगळा, कमी किमतीचा प्लॅन असतो. तो संकेतस्थळावर पहिल्या पानावर दिसत नाही, ईमेलने विचारावा लागतो. उलट लहान मुलं बरोबर असतील तर ऑल इन्क्लुझिव्हची किंमत वेगळ्याच कारणाने वसूल होते. मुलं तासातासाला आइस्क्रीम, मिल्कशेक, चिप्स मागतात आणि त्या प्रत्येक मागणीला 1.287 लागत असतो. बऱ्याच रिसॉर्टवर ठरावीक वयाखालच्या मुलांना आईबापांच्याच प्लॅनवर जेवण फुकट असतं. वयाची अट प्रत्येकाची निराळी, आणि एका खोलीत किती मुलांना ती सवलत हेही निराळं.

दुपारच्या जेवणाबद्दल माझं मत सांगतो. हाफ बोर्ड घेणाऱ्याने नाश्ता उशिरा आणि पोटभर करावा. बुफे बहुतेक ठिकाणी दहा-साडेदहापर्यंत असतो आणि चांगला असतो. साडेनऊला बसून नीट जेवलं तर दुपारी फळं किंवा बरोबर आणलेलं काही खाऊन संध्याकाळ गाठता येते. फुल बोर्ड मला फारसा पटत नाही. उन्हात दिवसातून तीनदा बुफे जात नाही, आणि पेयांचे पैसे वेगळे भरावे लागतातच.

बुकिंगच्या आधी रिसॉर्टला ईमेल

एजंटकडून घेत असाल तरी रिसॉर्टला थेट एक ईमेल पाठवाच. उत्तर लेखी मिळतं आणि चेक-इनला दाखवता येतं. विचारायचं ते असं:

- सध्या चालू असलेले मेनू आणि पेयांची यादी भावासकट पाठवा. (बहुतेक जण पाठवतात. जो पाठवायला टाळाटाळ करतो त्याचा भाव काय असेल ते समजून घ्या.)
- सांगितलेला दर करांसह आहे की ++? ग्रीन टॅक्स धरून की सोडून?
- बुकिंगनंतर सरकारने कर वाढवला तर फरक कोण भरणार?
- पोचण्याच्या दिवशी प्लॅन कोणत्या जेवणापासून सुरू होतो आणि निघण्याच्या दिवशी कशावर संपतो?
- 24 आणि 31 डिसेंबरला गाला डिनर सक्तीचं आहे का, माणशी किती?
- शाकाहारी, जैन किंवा पथ्याचं जेवण बुफेत रोज असतं की आधी सांगावं लागतं, आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का?

यातले दोन प्रश्न लोक हमखास सोडतात. एक पोचण्या-निघण्याचा. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात. आपलं विमान दुपारी उशिरा उतरलं तर रात्र माले किंवा शेजारच्या हुलहुमाले बेटावर काढावी लागते आणि रिसॉर्टचं पहिलं जेवण दुसऱ्या दिवशी. निघतानाही तसंच. हाफ बोर्ड नाश्त्यावर संपतं, सीप्लेन दुपारी तीनला, म्हणजे मधलं जेवण मेनूच्या भावाने. दुसरा गाला डिनरचा. नाताळ आणि नववर्षाच्या रात्री बऱ्याच रिसॉर्टवर ते सक्तीचं असतं, त्याची रक्कम भारी असते, आणि ऑल इन्क्लुझिव्हवाल्यांनाही ती वेगळी लागू शकते. 30 डिसेंबरला निघालात किंवा 1 जानेवारीला पोचलात तर निदान 31 तारखेच्या डिनरमधून सुटका होते.

प्लॅन बुकिंगच्या वेळीच घ्या. आधी फक्त नाश्त्यावर खोली घेऊन तिथे गेल्यावर बदलू, असं ठरवणाऱ्याला बदलाचा दर बहुतेक वेळा जास्त पडतो, आणि काही ठिकाणी तो अख्ख्या मुक्कामासाठी आणि खोलीतल्या सगळ्यांसाठी घ्यावा लागतो. मे ते ऑक्टोबर या पावसाळी काळात नाश्त्याच्या पैशांत हाफ बोर्ड किंवा हाफ बोर्डच्या पैशांत फुल बोर्ड अशा सवलती निघतात. पाऊस आणि वारा चालणार असेल तर खाण्याच्या खर्चात मोठी बचत या महिन्यांत होते. नवविवाहितांना मिळणाऱ्या सवलतींसाठी लग्नाचा दाखला मागतात. त्यात वाइनची बाटली असेल आणि घेत नसाल तर बदल्यात जेवणाचं क्रेडिट किंवा विनामद्य पेय आधीच मागून घ्या.

रिसॉर्ट झेपत नसेल तर गावबेट

जिथे मालदीवची माणसं राहतात अशा बेटांवर गेस्ट हाउस चालवायला 2009-10 नंतर वाट मोकळी झाली. माफुशी, थुलुसधू, धिगुराह, थोड्डू ही त्यातली नावाजलेली बेटं. थोड्डूला तर शेतीही आहे, तिथली कलिंगडं प्रसिद्ध आहेत. इथे रस्त्यावर उपाहारगृहं असतात, किराण्याची दुकानं असतात, पाण्याची मोठी बाटली दुकानातून घेता येते. भाव रुफिया या तिथल्या चलनात. एका डॉलरला 15.42 रुफिया हा अधिकृत दर. पर्यटनासाठी नोंदलेल्या जागा 17 टक्के टीजीएसटी घेतात, साध्या स्थानिक कॅफेला 8 टक्के जीएसटी असतो. गेस्ट हाउस लहान, म्हणजे 50 खोल्यांपर्यंतचं असेल तर ग्रीन टॅक्सही रिसॉर्टच्या निम्मा, माणशी रोज 6 डॉलर.

सकाळी कॅफेत मास हुनी मिळते. टूना, खोवलेलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू एकत्र कालवलेलं, बरोबर रोशी, म्हणजे तिथली पातळ चपाती. चार वाजल्यापासून चहाबरोबर हेधिका म्हणजे तळलेले छोटे पदार्थ काचेच्या कपाटात मांडतात. शाकाहारी माणसाने मात्र इथे जपून राहावं, कारण दिसायला समोशासारख्या बाजियातही बहुधा टूनाच असतो. विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका.

दारू गावबेटांवर कायद्यानेच बंद आहे. काही बेटांजवळ समुद्रात नांगरून ठेवलेल्या बोटींवर ती मिळते, तिथपर्यंत होडीने नेतात. समुद्रकिनाऱ्यावर बिकिनी घालायची तर ठरवून दिलेल्या भागातच. रमजानमध्ये दिवसा बहुतेक कॅफे बंद असतात आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी सगळंच थांबतं. रमजान दरवर्षी साधारण 11 दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा तारखा बघून बुकिंग करा.

मला स्वतःला मिश्र बेत सगळ्यात शहाणपणाचा वाटतो: काही दिवस गावबेटावर आणि शेवटच्या एक-दोन रात्री रिसॉर्टवर. किंवा रिसॉर्टचा मुक्काम सोडून फक्त डे पास. माफुशीसारख्या बेटावरून जवळच्या रिसॉर्टचा दिवसाचा पास मिळतो, त्यात जाण्यायेण्याची बोट, दुपारचं जेवण आणि बऱ्याचदा पेयंही धरलेली असतात. पाण्यावरच्या व्हिलात झोपायचंच असा हट्ट नसेल तर तेच पाणी, तीच वाळू एका दिवसात बघून होते आणि जेवणाचे पैसे आधीच ठरलेले असतात.

घरून काय न्यायचं

दारू नेऊ नका. मुंबईच्या ड्युटी फ्रीमधून घेतलेली बाटलीसुद्धा माले विमानतळावर कस्टमवाले काढून घेतात. डुकराचं मांसही चालत नाही. कोरडा खाऊ स्वतःपुरता नेता येतो: लाडू, चिवडा, खाकरे, बिस्किटं, सुकामेवा, गरम पाण्यात होणारे उपमा-पोह्यांचे पाकीटबंद प्रकार, चहाची पुडी. बहुतेक व्हिलांमध्ये किटली असते, तेवढ्यावर संध्याकाळचा चहा आणि हलकं खाणं भागतं. लहान बाळाचं खाणं तर नक्की न्या, तिथल्या दुकानात जे असेल तेच आणि त्याच भावात घ्यावं लागतं. इंडक्शन शेगडी किंवा कुकर मात्र न्यायचा विचारही करू नका. लाकडी बांधकामाच्या व्हिलात आगीचा धोका खरा असतो आणि रिसॉर्टही परवानगी देत नाहीत. उपाहारगृहात बसून बाहेरचं खाणंही चालत नाही. खोलीत खाऊ उघडा ठेवलात तर मुंग्या येतात, झिपची पिशवी किंवा घट्ट झाकणाचा डबा घ्या.

सीप्लेनने जाणार असाल तर सामानाची मर्यादा साधारण 20 किलो आणि हातात 5 किलो असते, वरच्या वजनाचे पैसे लागतात. पाच किलो फराळ नेऊन वाचवलेले पैसे तिथेच जाऊ नयेत.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने न्यावी, ती म्हणजे रिकामी पाण्याची बाटली. नाश्त्याच्या वेळी किंवा पाणी भरायची सोय असेल तिथे भरून घ्यायला विचारा. बऱ्याच ठिकाणी हसून भरून देतात.

पैसे कोणत्या कार्डाने

आपल्या बहुतेक क्रेडिट कार्डांवर परदेशातल्या खर्चाला साधारण 2 ते 3.5 टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्क, लागतो आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी. हजार डॉलरच्या बिलावर यात 24 ते 41 डॉलर जातात. मार्कअप नसलेलं कार्ड किंवा आधी डॉलर भरून घेतलेलं फॉरेक्स कार्ड असेल तर ते वापरा. मशिनवर ‘रुपयांत भरायचं की डॉलरमध्ये’ असा पर्याय आला तर डॉलर निवडा. रुपयांचा पर्याय सोयीचा दिसतो, पण त्यातला दर दुकानाच्या बाजूची कंपनी लावते आणि तो आपल्याला महागात पडतो. चेक-इनला कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात. डेबिट कार्ड दिलंत तर ती सुटून परत यायला बरेच दिवस लागू शकतात, तेव्हा तिथे क्रेडिट कार्डच द्या.

बेटावर पोचल्यावर

पहिल्या दिवशी रिसेप्शनवर आपला प्लॅन काय नोंदलाय ते वाचून घ्या आणि ईमेल दाखवून खात्री करा. चूक असेल तर ती पहिल्याच दिवशी सुधारते, चौथ्या दिवशी वाद होतो.

रिसॉर्टवर रोजच्या खर्चाला सहसा रोख द्यावी लागत नाही, सगळं खोलीच्या खात्यावर सही करून. म्हणूनच खर्च जाणवत नाही. प्रत्येक चिठ्ठीवर सही करण्याआधी तीन गोष्टी बघा: खोली क्रमांक आपलाच आहे का, प्लॅनमधल्या पदार्थाला शून्य लागलंय का, आणि टिपची मोकळी ओळ. सेवाशुल्क आधीच घेतलेलं असतं आणि ते कर्मचाऱ्यांमध्ये वाटणं कायद्याने बंधनकारक आहे. ती ओळ रिकामी न सोडता तिच्यावर रेघ मारा. एखाद्या वाढप्याने किंवा खोली आवरणाऱ्याने मनापासून केलं असेल तर निघताना हातात डॉलर द्या, ते त्याला थेट मिळतात. त्यासाठी एक-एक, पाच-पाचच्या नोटा घरूनच न्याव्या लागतात.

टेबलावर आधीच ठेवलेली पाण्याची बाटली उघडण्यापूर्वी ‘ही प्लॅनमध्ये आहे का’ विचारायला संकोच करू नका. ‘आजचा खास मासा’ असं तोंडी सांगितलं तर भाव विचारा, कारण तो बऱ्याचदा वजनावर असतो. हॅपी अवरच्या, म्हणजे पेयं स्वस्त मिळण्याच्या, वेळा पहिल्याच दिवशी विचारून घ्या. आणि मुख्य आचाऱ्याला भेटा. मालदीवच्या स्वयंपाकघरांत भारतीय, श्रीलंकन, बांगलादेशी मंडळी भरपूर आहेत. ‘रोज रात्री साधं वरण-भात मिळेल का’ एवढं विचारलं तरी बुफेच्या पैशांतच वेगळं करून देतात. शाकाहारी पाहुण्यांना याचा फार आधार होतो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बिल मागून घ्या, निघायच्या सकाळी नको. सकाळी रिसेप्शनवर गर्दी असते, बोट धक्क्याला लागलेली असते आणि माणूस घाईत सही करून टाकतो. खोलीत निवांत बसून ओळ न् ओळ वाचा, आपल्याकडच्या चिठ्ठ्यांशी ताडून बघा, मिनीबारमधून न घेतलेलं काही लावलंय का ते पाहा. एका ओळीबद्दल शंका असली तरी सहीची चिठ्ठी दाखवायला सांगा. ती त्यांच्याकडे नसेल तर ती रक्कम काढायला लावा, आणि दुरुस्त झालेल्या बिलाची प्रत ईमेलवर आल्याशिवाय कार्ड देऊ नका.